टीआय म्हणतात, ‘तुम्ही फक्त हो म्हणा’. म्हणू का?

पत्र:

ताई, नमस्कार. मी इंदूरचाच, बँकेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात आम्ही लग्नासाठी दोन दिवस उज्जैनला गेलो होतो, परत आलो तर कपाटातल्या माझ्या आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ गायब. कुलूप तुटलेलं नाही. ठाण्यात रिपोर्ट दिली. संशय कामवाल्या बाईंच्या मुलावर, कारण एक किल्ली बाईंकडे असते आणि मुलगा दोनदा गॅसची टाकी उचलून द्यायला आत आला होता. सतरा-अठराचा असेल. त्याला दोनदा बोलावून सोडलं. काल टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे मुख्य अधिकारी, मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, एक रात हमें दे दो, सुबह माल आपके हाथ में. बस आपकी हाँ चाहिए.” मी उद्या सांगतो म्हणून निघून आलो. ही म्हणते हो म्हणा, सासूबाईंची आठवण आहे. मुलगा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो बाबा अजिबात नाही, इथे तर अतिरेक्यालाही हात लावायचा नाही असा कायदा आहे. मेहुणा म्हणतो त्याला सांगा, सगळ्यात जास्त तुमच्या अमेरिकेनेच केलंय, आम्हाला नका शिकवू. मला रात्रभर झोप नाही. काय करू?

— एक वाचक, इंदूर

उत्तर:

भाऊ, तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला आणि दोनच गोष्टी सांगितल्या, हो म्हणू नका आणि पोराचं वय बघा. तुम्ही म्हणालात की ताई नीट सविस्तर लिहा, हिलाही वाचायला देतो आणि मेहुण्यालाही. तर हे सविस्तर. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

वयाचं आधी. “सतरा-अठराचा असेल” असं तुम्ही सहज लिहून गेलात पण सगळी केस तिथेच फिरते. अठराला एक दिवस जरी कमी असेल तरी त्याला २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो, म्हणजे लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून नेमलेल्या माणसानेच हाताळायचं आणि ताब्यात घेतलंच तर चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर उभं करायचं. “एक रात” वगैरे त्यात कुठे बसतच नाही. आणि वय बघताना आधारवर जाऊ नका, शाळेचा दाखला नाहीतर दहावीची मार्कशीट बघा, कायदा आधी तेच धरतो. आधारवर किती जणांची जन्मतारीख एक जानेवारी असते ते तुम्हाला बँकवाल्याला मी काय सांगणार.

बरं, समजा अठरा पूर्ण आहेत. तरी मला सांगा, टीआय साहेबांना तुमची ‘हाँ’ कशाला हवी? एफआयआर झाली की तपास त्यांचा, त्याला फिर्यादीची परवानगी लागत नाही. मी एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात वकिली केली, एकाही केस डायरीत ‘फिर्यादीने होकार दिला’ असा कॉलम बघितला नाही. होकार त्यांना स्वतःसाठी हवाय, उद्या पोराचा हात मोडला आणि त्याची आई कमिश्नर ऑफिसला जाऊन बसली तर ‘साहब, फर्यादी ही पीछे पड़ा था’ म्हणायला कोणीतरी लागतं. आणि असा होकार देणारा नुसता बघ्या राहत नाही बरं का, गुन्ह्याला चिथावणी देणाराही आरोपी होऊ शकतो.

गुन्हा हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. भारतीय न्याय संहितेचं कलम १२० काढून बघा. आधी ती भादंविची कलमं ३३० आणि ३३१ होती, १८६० पासूनची. कबुली काढण्यासाठी किंवा माल कुठे आहे ते वदवून घेण्यासाठी दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, जबर दुखापत असेल तर दहा. आणि खाली उदाहरणं दिलीत त्यातलं दुसरं काय आहे माहितीये? चोरीचा माल कुठे ठेवलाय ते दाखव म्हणून एक पोलीस अधिकारी एकाचा छळ करतो, तो अधिकारी गुन्हेगार. म्हणजे तुमचीच गोष्ट, दीडशे वर्षांहून जास्त आधी छापलेली, फक्त पाटल्यांचा उल्लेख नाही. त्याच्या पाच वर्षं आधी, १८५५ मध्ये, मद्रासच्या छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या कमिशनचा रिपोर्ट आला होता, तो वाचून इंग्रज सरकारसुद्धा हादरलं होतं, आणि मग पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात धरायचीच नाही असा नियम आला. तो आजही आहे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये.

मग तरी मारतात का? इथे खरी गोम आहे आणि वर्तमानपत्रात हे कोणी समजावून सांगत नाही. कबुली चालत नाही, पण कस्टडीतल्या माणसाने सांगितलेल्या ज्या भागामुळे एखादी वस्तू सापडते तेवढा भाग चालतो. जुन्या कायद्यात हे कलम २७ होतं, अजूनही कोर्टात सगळे सत्तावीसच म्हणतात. म्हणजे ‘मी चोरली’ याला किंमत शून्य, ‘विहिरीजवळ पुरली’ आणि तिथे निघाली, याला सोन्याची किंमत. आता तुम्हीच सांगा, चोरीच्या केसमध्ये पोलिसाला काय पाहिजे? माल बरामद. कायद्याने दार लावलं पण खिडकी उघडी ठेवली आणि दंडुका त्या खिडकीतून आत जातो. मी टीआय साहेबांना राक्षस म्हणत नाहीये, त्यांच्यावर वरून पेंडिंगचं प्रेशर आहे, स्टाफ कमी, रोज कुठला तरी बंदोबस्त, त्यात तुमच्यासारखे चार फिर्यादी रोज विचारतात काय झालं काय झालं. पण प्रेशर आहे म्हणून पोराचे तळवे तुमच्या होकाराने फुटायला नकोत.

आणि माल मिळेल असं तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्याकडे एक केस होती, बरीच जुनी, कुठल्या ठाण्याची ते सोडा. कॅटरिंगवाल्याची तांब्या-पितळेची भांडी गेली होती, हेल्परला उचललं. दोन रात्रींत पोराने तीन नावं दिली. त्यातला एक त्या आठवड्यात एमवाय हॉस्पिटलमध्ये अॅडमिट होता, टायफॉइडने, दुसऱ्याला शहर सोडून वर्ष झालं होतं आणि तिसरा त्याचा स्वतःचा मावसभाऊ, ज्याच्याशी त्याचं भांडण होतं. मग त्या तिघांच्या मागे पोलीस, तिघांच्या घरी रडारड. भांडी आजपर्यंत मिळाली नाहीत. मार खाणारा माणूस खरं सांगत नाही, मार थांबेल ते सांगतो.

आता अमेरिकेकडे येते, कारण तुमच्या घरात त्यावरून वाद चाललाय आणि गंमत म्हणजे मुलगा आणि मेहुणा दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांनी अर्धी अर्धी गोष्ट धरलीये.

मेहुण्याची अर्धी आधी. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत छळाला बंदी नव्हती असं नाही, कायदा होता, आंतरराष्ट्रीय करारावर सही होती. त्यांनी काय केलं तर छळ या शब्दाचीच व्याख्या बदलली. ऑगस्ट २००२ मध्ये त्यांच्या न्याय खात्याच्या वकिलांनी एक मेमो लिहिला की वेदना शरीराचा एखादा अवयव निकामी होण्याइतकी किंवा मरणाइतकी असेल तरच तो छळ. वकील म्हणून सांगते, तो मेमो वाचून मला आमच्या धंद्याची लाज वाटली होती. बाकी सगळं मग ‘विशेष चौकशी’ झालं. माणसाला फळीवर बांधून तोंडावर फडकं टाकून पाणी ओतायचं, बुडतोय असं वाटेपर्यंत, याला वॉटरबोर्डिंग म्हणतात, ते सीआयएने एका कैद्यावर एका महिन्यात १८३ वेळा केलं, दुसऱ्यावर ८३ वेळा. हे कोणा विरोधकाने नाही, त्यांच्याच सरकारी कागदांनी सांगितलं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये सिनेटच्या कमिटीने रिपोर्टचा सारांश बाहेर काढला, त्यात ११९ कैद्यांपैकी निदान २६ जणांना चुकीने धरलं होतं असंही आलं आणि या पद्धतींनी उपयोगी माहिती मिळाली हा सीआयएचा दावाही कमिटीने खोडला. तेव्हा मेहुण्यांना म्हणावं तुमचं बरोबर आहे, त्यांनी केलं. पण केल्यावर त्यांना काय मिळालं तेही पूर्ण सांगा.

मुलाची अर्धी जास्त इंटरेस्टिंग आहे. २००४ मध्ये इराकच्या अबू घरीब तुरुंगातले फोटो टीव्हीवर आले आणि जगभर छी थू झाली. पुढच्या वर्षी जॉन मॅकेन या सिनेटरने एक दुरुस्ती आणली. हा माणूस तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याच पक्षाचा, नौदलाचा पायलट, १९६७ मध्ये हनोईवर त्याचं विमान पडलं आणि साडेपाच वर्षं तो व्हिएतनामच्या कैदेत होता. मारून मारून त्याच्याकडून कबुलीजबाबावर सही घेतली होती. स्क्वॉड्रनमधल्या साथीदारांची नावं सांग म्हणाले तेव्हा त्याने ग्रीन बे पॅकर्स नावाच्या फुटबॉल टीमच्या खेळाडूंची नावं देऊन टाकली. म्हणजे आपल्यातल्या कोणी मार चुकवायला सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर अशी होळकरांची रणजी टीम लिहून द्यावी आणि पलीकडच्याने ती खरी समजून फाइलला लावावी. ज्याच्यावर सगळं गुजरलं तोच उभा राहून म्हणाला की हे बंद करा, त्यामुळे दुसऱ्या कोणाला ‘तुला काय कळतंय’ म्हणायची सोय राहिली नाही. ५ ऑक्टोबर २००५ ला सिनेटमध्ये ९० विरुद्ध ९ मतांनी पास झालं.

पण मला आवडते ती त्यातली युक्ती. त्याने नुसतं ‘छळ करू नका’ असं पुन्हा लिहिलं नाही, ते तर आधीच होतं आणि वकिलांनी त्याची वाट लावली होती. क्रूर, अमानुष वागणूक कोणालाच द्यायची नाही हे एक आणि दुसरं असं की लष्कराच्या ताब्यातल्या माणसावर फक्त त्यांच्या छापील फील्ड मॅन्युअलमध्ये दिलेल्याच पद्धती वापरायच्या. काय करायचं नाही याची यादी कधी संपत नाही हो, माणूस नवीन काहीतरी शोधून काढतो. काय करता येईल त्याची यादी दिली की बाहेरचं सगळं आपोआप बंद. २००६ च्या सप्टेंबरमध्ये मॅन्युअलची नवी आवृत्ती आली, त्यात एकोणीस पद्धती आहेत, सरळ प्रश्न विचारणं, घरच्यांच्या मायेचा विषय काढणं, अहंकार गोंजारणं, ‘आम्हाला सगळं माहीत आहे’ असा आव आणणं, एक कडक आणि एक गोड अधिकारी पाठवणं. आणि शिवाय नावं घेऊन मनाई, वॉटरबोर्डिंग नाही, करंट नाही, कुत्री नाहीत, कपडे उतरवणं नाही, डोक्यावर पिशवी नाही, खोटा मृत्युदंड नाही, जेवण-पाणी-औषध तोडणं नाही. शेवटच्या एका परिशिष्टात कैद्याला वेगळं ठेवून दिवसाला चार तास झोप दिली तरी चालेल असं काहीसं आहे, त्यावर तिथल्या लोकांनी खूप टीका केली आणि ती बरोबरच आहे.

मुलाला मात्र हे सांगा की ते एका फटक्यात झालं नाही. बुशनी ३० डिसेंबर २००५ ला सही करताना सोबत एक निवेदन जोडलं की राष्ट्राध्यक्ष म्हणून माझे अधिकार शाबूत ठेवूनच मी याचा अर्थ लावीन, म्हणजे सही पण केली आणि मागचं दारही उघडं. शिवाय मॅन्युअलची अट फक्त लष्कराला, सीआयए मोकळी. २००८ मध्ये तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, सीआयएलाही तेच मॅन्युअल लावणारं बिल पास केलं तर बुशनी ८ मार्चला व्हेटो मारला. आणि त्या बिलाच्या विरोधात खुद्द मॅकेनने मत दिलं होतं! छळ नकोच पण सीआयएला लष्कराच्या पुस्तकात बांधू नका असं त्याचं म्हणणं, निवडणुकीचं वर्ष होतं, मी काय बोलू. ओबामा आल्यावर दोनच दिवसांत, २२ जानेवारी २००९ ला, आदेश काढून सगळ्यांना मॅन्युअल लावलं. पण आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष फाडू शकतो, म्हणून २०१५ मध्ये मॅकेन आणि डायान फाइनस्टाइन या दोघांनी, दोन वेगळ्या पक्षांच्या, ते कायद्यातच घातलं, सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१. मॅन्युअल लोकांना वाचायला खुलं ठेवायचं, दर तीन वर्षांनी तपासायचं आणि कैद्याची खबर रेडक्रॉसला द्यायची हेही त्यात आलं. दहा वर्षं लागली, मोजा.

आपलं काय? आपण छळविरोधी कराराला १९९७ मध्ये सही केली आणि तिथेच थांबलो, मंजुरी दिलीच नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक बिल लोकसभेत पास झालं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं, २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली आणि बिल गेलं. २०१७ ला विधी आयोगाने २७३ वा रिपोर्ट दिला, मसुदा बिलासकट. स्वतंत्र कायदा अजून नाही. जे काही आहे ते कोर्टाने दिलंय. डी. के. बसू केसची सुरुवातच एका पत्राने झाली होती, १९८६ मध्ये बंगालच्या एका कायदेशीर मदत संस्थेच्या अध्यक्षांनी सरन्यायाधीशांना कस्टडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिलं, त्यालाच याचिका मानलं आणि १९९६ मध्ये अकरा नियम आले, अटकेचा मेमो, घरच्यांना खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी वगैरे. २०१० मध्ये सेल्वी केसमध्ये संमतीशिवाय नार्को आणि लाय डिटेक्टर बंद. २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी केसमध्ये प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे, लॉकअप आणि कॉरिडॉरमध्येही. आणि आपल्याच मध्य प्रदेशातली रामपुरा ठाण्याची केस, कस्टडीत माणूस मेला, हायकोर्टापर्यंत जवळजवळ सगळे सुटले, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि लिहिलं की आपसातल्या बंधुभावापोटी पोलीस पोलिसाविरुद्ध तोंड उघडत नाहीत.

पण ‘चौकशीत एवढंच करा’ अशी छापील यादी आपल्याकडे नाही. म्हणून ती तुम्ही द्यायची.

म्हणजे असं बघा, तुम्ही जाऊन नुसतं ‘मारू नका’ म्हणालात तर साहेब हसून म्हणतील, “अरे सर, मारता कौन है, बस पूछताछ.” झालं, व्याख्या त्यांच्या हातात गेली. त्यापेक्षा साधा अर्ज लिहा. पोराला बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन, दिवसा, कॅमेऱ्यासमोर बोलवावं. अल्पवयीन निघाला तर बाल न्याय कायद्याप्रमाणे. अटक केली तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यावं, हा त्याचा हक्क त्याच संहितेच्या कलम ३८ मध्ये लिहिलेला आहे. आणि शेवटी एक ओळ, ‘कोणत्याही बळाच्या वापराला मी संमती दिलेली नाही व देणार नाही.’ टीआय साहेब काय म्हणाले ते त्यात घालू नका, तुमच्याकडे पुरावा नाही आणि उगाच भांडण वाढेल, ही एक ओळ त्यांना बरोबर कळते. अर्ज आवकमध्ये द्यायचा आणि एक प्रत स्पीड पोस्टने डीसीपींना.

अजून एक, तुम्ही साठीच्या पुढचे आहात, साक्षीदार म्हणून तुम्हाला ठाण्यात बोलवता येत नाही, त्यांनी तुमच्या घरी यायचं, त्याच संहितेचं कलम १७९. बाईंनाही साक्षीदार म्हणून बोलवायचं तर तेच, त्या बाईमाणूस आहेत म्हणून. हे त्यांना सांगा. आणि १५१०० हा नंबर लिहून द्या, विधी सेवा प्राधिकरणाचा आहे, स्त्रिया, मुलं आणि कस्टडीतला माणूस यांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कोणी विचारत नाही. ज्याच्यावर आपला संशय आहे त्यालाच वकील मिळवून द्यायचा हे विचित्र वाटेल, वाटू द्या. त्याने खरंच चोरली असेल तरी वकिलाने पाटल्या विरघळत नाहीत.

आणि तपास म्हणाल तर तो तुमच्याकडूनच राहिलाय. फोनवर मी विचारलं दागिने शेवटचे कधी बघितले, तर तुम्ही आतून विचारून आलात आणि म्हणालात दिवाळीत. भाऊ, उज्जैनचे दोन दिवस कुठले धरून बसलात मग? दिवाळी ते लग्न या मधल्या सगळ्या महिन्यांत घरात कोण कोण आलं त्याची यादी करा, रंगकाम झालं का, पाहुणे कोण राहून गेले, तुमच्या मेहुण्यांची मुलं धरून सगळे (रागावू नका म्हणावं, यादी म्हणजे यादी). पाटल्यांचा फोटो कुठल्यातरी लग्नाच्या अल्बममध्ये असेलच, वजन आणि घडण सराफ्यातल्या तुमच्या सोनाराच्या वहीत असेल, ते सगळं पोलिसांना द्या म्हणजे दुकानांत विचारता येईल. आणि वहिनी, तुम्हाला एक सांगते, बँक लॉकर शांतपणे एकदा उघडून बघा. मी कोणावर काही म्हणत नाहीये, माझ्या स्वतःच्या बांगड्या मी दोन वर्षं शोधत होते आणि त्या लॉकरच्या मागच्या बाजूला एलआयसीच्या पाकिटात निघाल्या.

राहता राहिलं एक, तुम्ही फोन ठेवता ठेवता बोललात ते. बाईंचा या महिन्याचा पगार तुम्ही अडवून ठेवलाय ना, तो अर्ज द्यायला निघायच्या आधी देऊन टाका.